‘रणांगण’मधील स्मृती आणि पश्चात्ताप

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) यांची ‘रणांगण’ ही एकमेव कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडहून स्वदेशी परततानाच्या सागरी प्रवासाचा अनुभव तिच्यामागे होता. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाची हॅर्टा या जर्मन ज्यू तरुणीशी गाठ पडते, प्रेम जडते आणि मुंबईस दोघांची ताटातूट होते. कथानक एवढेच आहे. तथापि, या प्रेमकथेचा विचार तत्कालीन इतिहासापासून वेगळा काढून करता येत नाही.

१९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. नोव्हेंबर १९३८ मधील अत्याचारांनंतर देशत्यागाची घाई उसळली. बहुतेक राष्ट्रांची दारे बंद असताना शांघायमध्ये मात्र व्हिसावाचून उतरता येत असे. ही सवलतही ऑगस्ट १९३९ मध्ये आकुंचित झाली. इटलीच्या बंदरांतून सुएझमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या बोटी मुंबईस थांबत. ज्या बंदरात चक्रधर घरी पोहोचतो, तेथे हॅर्टाला आश्रय नसतो.

मराठी प्रेमकथेत तोपर्यंत प्रेमाच्या आड बहुधा जात, कुटुंब किंवा गैरसमज येत. येथे राज्यसत्ता आड येते. परंतु सर्व दोष राज्यसत्तेवर टाकून ही कादंबरी मोकळी होत नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. उमेकडून झालेल्या पूर्वीच्या प्रेमभंगाने चक्रधराच्या मनात स्त्रीविषयी कडवटपणा साठलेला आहे. हॅर्टाच्या सहवासाचा आरंभ त्याच वृत्तीतून होतो. तिचे प्रेम सर्वस्वाचे आहे, हे त्याला कळते. परंतु त्या कळण्याला साजेशी कृती त्याच्या हातून घडत नाही.

निवेदनाची घडण येथे ध्यानात घेतली पाहिजे. कथा प्रथमपुरुषात आहे. भोगणारा ‘मी’ बोटीवर आहे, तर सांगणाऱ्या ‘मी’ला शेवट ठाऊक आहे. मुंबईनंतरच्या प्रवासात हॅर्टा समुद्रात आत्मनाश करते. तिची पत्रे मात्र चक्रधराच्या हाती येतात. त्या पत्रांतील वर्तमानकाळ वाचणाऱ्याच्या दृष्टीने भूतकाळ झालेला असतो. काळांच्या या विसंगतीतून पश्चात्ताप प्रत्ययास येतो. त्यासाठी लेखकाला शोकाची विशेषणे वापरावी लागत नाहीत.

बेडेकरांनी पुढे चित्रपट व नाटक या क्षेत्रांत दीर्घकाळ काम केले. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्या शीर्षकातून उपनिषदातील रूपक सूचित होते: एक पक्षी फळ खातो, दुसरा केवळ पाहतो. पाहणारा आणि भोगणारा यांतील हे अंतर ‘रणांगण’मध्ये पूर्वीच अवतरले होते.

चक्रधर व हॅर्टा यांची ताटातूट का झाली, याचे उत्तर इतिहास देतो. चक्रधर स्वस्थ का राहिला, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. ते उत्तर ऐकणारी मात्र उरलेली नसते. म्हणूनच त्याचे स्मरण सांत्वन न ठरता साक्ष ठरते.