प्रकाशविद्येचे आश्रयदाते

नाटक पाहून घरीं परतणारा रसिक नटांची वाहवा करतो, गाण्याची करतो, पडद्यांचीहि करतो. परंतु ज्या प्रकाशामुळें हें सारें दिसलें, त्याची आठवण त्याला क्वचितच होते. या उपेक्षित विद्येला विद्यापीठांत आसन कसें मिळालें आणि निर्धन विद्यार्थ्याला तिचें दार केव्हां उघडलें, याचा इतिहास अमेरिकेंतील येल विद्यापीठांत पाहावयास सांपडतो.

हार्वर्ड विद्यापीठांत नाट्यलेखन शिकविणारे जॉर्ज पिअर्स बेकर यांना आपल्या शिष्यांसाठीं नाट्यगृह हवें होतें. तें तेथें मिळालें नाहीं. १९२४ सालीं एडवर्ड हार्कनेस यांनीं नाट्यविभागासाठीं येलला दहा लक्ष डॉलर दिले, आणि पुढच्याच वर्षीं बेकर तेथें गेले. हार्कनेस घराण्याचें वैभव स्टँडर्ड ऑइल कंपनीचें. आणि त्या कंपनीचा आरंभींचा मुख्य माल म्हणजे दिव्यांत जाळावयाचें तेल, ज्याला महाराष्ट्रांत रॉकेल म्हणतात. कंदिलाच्या तेलावर मिळविलेलें धन विजेच्या दिव्यांच्या विद्येला उपयोगीं पडावें, हा योग मोठा मौजेचा खरा!

बेकर यांच्याबरोबर स्टॅन्ली मॅककँडलेस हे वास्तुविद्या शिकलेले तरुण आले. रंगमंचाचे लहान भाग कल्पून प्रत्येक भागावर दोन्ही बाजूंनीं, वरून सुमारें ४५ अंशांच्या कोनांत झोत टाकावा, एक उबदार छटेचा व दुसरा शीतल छटेचा, अशी पद्धति त्यांनीं बसविली. तिनें नटाचा चेहरा स्पष्ट दिसतो, आणि त्याची गोलाईहि लोपत नाहीं. १९३२ सालीं त्यांनीं ती ग्रंथरूपानें मांडली. येलमध्यें शिकलेल्या जीन रोझेंथाल या बाईंनीं पुढें प्रकाशयोजनेला स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तोंवर तें काम नेपथ्यकार किंवा वीजतंत्री यांच्याकडेच असे.

विद्येला आसन मिळालें. विद्यार्थ्याची विवंचना मात्र संपली नाहीं. पदवीनंतर आणखी तीन वर्षें शिकावयाचें, त्यासाठीं कर्ज काढावयाचें, आणि मग आज काम तर उद्यां रिकामपण अशा धंद्यांत तें फेडावयाचें! अशा स्थितींत घरची शिदोरी भरपूर असेल त्यानेंच हा मार्ग धरावा, असें होऊन बसतें. आणि हुशार पण निर्धन मुलगा उंबरठ्यावरूनच परततो.

२०२१ सालीं डेव्हिड गेफेन यांनीं या शाळेला १५ कोटि डॉलर दिले. त्या वर्षापासून तेथील सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्यांचें शिक्षणशुल्क कायमचें माफ झालें. प्रकाशयोजनेचे विद्यार्थीहि त्यांत आले. संगीत व चित्रपट यांच्या व्यवसायांत संपत्ति मिळविलेल्या या दात्यानें स्वतः महाविद्यालयाची पदवी घेतलेली नाहीं, हें विशेष. शुल्क सुटलें तरी अन्न व निवारा यांचा खर्च उरतोच. त्यासाठीं गरज पाहून निराळें साहाय्य द्यावें लागतें.

पहिल्या देणगीनें नाट्यगृह उभें राहिलें. तेथें शिकणाऱ्याच्या डोक्यावरील भार हलका होण्यास जवळजवळ एक शतक लोटलें. इमारतीवर दात्याचें नांव कोरतां येतें, विद्यार्थ्याच्या न काढलेल्या कर्जावर तें कोरतां येत नाहीं. कदाचित् म्हणूनच दुसरें दान पहिल्याहून दुर्मिळ. दिवा विकत घेण्यास पैसा लागतोच. पण तो कोठें व कसा लावावा हें जाणणारा माणूस घडविण्यासहि पैसा लागतो, हें समाजाच्या ध्यानीं येण्यास वेळ लागतो, एवढेंच.