सावलीची रेघ

जपानच्या शिगा प्रांतात, तागा या छोट्या नगराच्या हद्दीत अकेन्बारा नावाची वस्ती आहे. तिच्या नावातले पहिले अक्षर जपानातही दुर्मीळ: वर 'डोंगर', खाली 'स्त्री', मध्ये काही नाही.

१९७८ साली जपानने संगणकासाठी चिनी वळणाच्या अक्षरांचे, म्हणजे कांजींचे, राष्ट्रीय प्रमाणक ठरवले. ६,३४९ कांजींना क्रमांक मिळाले. त्यासाठी देशभरातल्या गावांच्या नावांचे संकलनही चाळले गेले. त्या संकलनात अकेन्बाराचे अक्षर 'डोंगर' आणि 'स्त्री' असे दोन कागदी तुकडे एकाखाली एक चिकटवून जुळवले होते. कागदाच्या कडेची सावली छपाईत उमटली आणि उतरवून घेणाऱ्याला ती अक्षराचीच रेघ वाटली. मध्ये आडवी रेघ असलेले एक नवेच अक्षर प्रमाणकात शिरले. खरे अक्षर बाहेर राहिले.

या प्रमाणकाची १९९७ची सुधारित आवृत्ती तयार होत असताना हिरोयुकी सासाहारा आणि इतर अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासले, तेव्हा हा उलगडा झाला. कशातच आधार न सापडणाऱ्या अशा डझनभर अक्षरांना जपानीत 'युरेई मोजी' म्हणतात, म्हणजे भुताची अक्षरे. बहुतेकांचा माग लागला. डावीकडे धनुष्य असलेल्या एका अक्षराचा मात्र लागला नाही.

तोवर उशीर झाला होता. जपानी प्रमाणकातली ही अक्षरे युनिकोडने जशीच्या तशी घेतली होती, आणि युनिकोडमध्ये एकदा दिलेली जागा काढून घेतली जात नाही. तसे केले तर आधी लिहिलेला मजकूर बिघडेल. अकेन्बाराच्या खऱ्या अक्षराला तिथे जागा मिळाली ती २००१ साली. सावली आधी पोचली, गाव मागून.

जागेसाठी ताटकळणे आपल्यालाही नवे नाही. मराठीतल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. पण मला या गोष्टीत जास्त बोचली ती सावली.

माझ्या पहिल्या अनुवादासाठी मूळ हिंदी पुस्तक मिळेना, म्हणून छायाप्रतीवरून काम केले. एका खेड्याच्या नावावर शाईचा ठिपका होता. मी तो अनुस्वार समजले. त्या नावाचे खेडे कुठेच नाही, हे दोन आवृत्त्या निघाल्यावर एका वाचकाने पत्राने कळवले. तिसऱ्या आवृत्तीत ठिपका काढला. तरी एका प्रबंधात ते खेडे माझ्या पुस्तकाचा हवाला देऊन अनुस्वारासकट आले आहे.

ती सावली उतरवून घेणाऱ्याला मी म्हणूनच हसू शकत नाही. त्याने समोर दिसले ते इमानाने लिहिले. मीही तेच केले होते. कमी पडले ते मूळ कागदापर्यंत जाणे. आता नकलेतल्या एखाद्या नावाची शंका आली, की मूळ प्रत हाती येईपर्यंत मी ते पान पुढे पाठवत नाही. प्रकाशक वैतागतात.