हाताचा सराव आणि जिभेचा सराव

श्रोतेहो, शस्त्रक्रिया शिकायची तर रोग्याच्या अंगावरच हात बसवायचा का? आपल्या सुश्रुतसंहितेने फार पूर्वीच याला 'नाही' असे उत्तर देऊन ठेवले आहे. तिच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा आणि पट्ट्या बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे.

हा झाला हाताचा सराव. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत एकटा हात काम करीत नाही. शस्त्रवैद्य, भूल देणारा डॉक्टर, मदतनीस, परिचारिका अशा चार-सहा जणांचा तेथे मेळ असतो. एकाला दिसलेली चूक त्याने दुसऱ्याला सांगितलीच नाही, तर कुशल हात तरी काय करणार? या प्रश्नाचे गांभीर्य जगाला पटले ते दवाखान्यात नव्हे, विमानतळावर.

27 मार्च 1977 चा दिवस. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुके पडले होते आणि एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड बोइंग विमाने होती. डच विमानाच्या मुख्य वैमानिकाने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान सोडले. मागे बसलेल्या अभियंत्याला शंका आली. दुसरे विमान अजून वाटेतच नाही ना, असे त्याने विचारलेही. वरिष्ठाने ठामपणे उत्तर दिले आणि तो गप्प बसला. काही क्षणांतच टक्कर झाली. 583 माणसे प्राणाला मुकली.

पुढे 1979 साली अमेरिकेतील 'नासा' संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची बैठक भरवली. विमान चालवणाऱ्यांना एकमेकांशी बोलायला शिकवले पाहिजे, हा विचार तेथून रुजला.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी 1990 साली हीच विद्या डॉक्टरांच्या शिक्षणात आणली. खोली खऱ्यासारखी, हत्यारे खरी, फक्त टेबलावर रोग्याऐवजी यंत्राचा पुतळा. त्याची नाडी चालते, श्वासही चालतो. शिक्षक शेजारच्या खोलीतून एकाएकी त्याचा रक्तदाब उतरवतात. आता कोण काय बोलतो ते पाहायचे! 'कोणीतरी रक्त आणा' असे मोघम न म्हणता नाव घेऊन सांगायचे. ऐकणाऱ्याने ते पुन्हा म्हणून दाखवायचे. शंका आली तर धाकट्यानेही ती स्पष्ट बोलायची. नंतर सारे एकत्र बसून आपलेच चित्रण पाहतात. तेथे कुणाला रागवायचे नसते. चुकले कुठे ते शोधायचे असते, बरं का!

2008 साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी काढली. सुरी चालवण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हेही तिच्यात आहे. आपल्या दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा हजार रोग्यांमागे 15 मृत्यू होत, ते 8 वर आले. पण यादी कागदावर असते. तोंड उघडण्याचे धैर्य मात्र सरावानेच येते.

आणि गुरुजनहो, हा सराव मोठेपणी दवाखान्यातच सुरू व्हावा असे थोडेच आहे? उद्या फळ्यावरची बेरीज चुकली आणि मागच्या बाकावरून एखादे पोर म्हणाले, 'गुरुजी, हातचा राहिला', तर आपण त्याला खाली बसवणार, की फळ्यापाशी बोलावणार?