मॉडेल टी आणि चुकणारे हात

मोटारगाडीच्या इतिहासात शोधकांची नावे येतात, कारखाने येतात, खपाचे आकडे येतात. गाडी घरी आणल्यावर मालकाने ती स्वतः उघडली आणि दुरुस्त करता करता बिघडवली, हा भाग बहुधा गाळला जातो. आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा.

फोर्डच्या मॉडेल टीचेच उदाहरण घेऊ. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. आरंभी साडेआठशे डॉलरना मिळणारी ही गाडी १९२० च्या दशकात तीनशेच्या खाली उतरली आणि अमेरिकन शेतकऱ्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. नांगर आणि पंप स्वतः दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गाडीचे भय वाटले नाही. कंपनीने मालकांसाठी काढलेली पुस्तिकाही प्रश्नोत्तररूप होती. मालक हाच पहिला कारागीर, हे त्यात गृहीत होते.

चुका मात्र पुस्तिकेबाहेर, हातांनीच शिकवल्या. स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी दांडी असे. ती मागे न घेता हँडल मारले, तर इंजिन अवेळी पेटे आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडे. म्हणून जाणते लोक हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवत. थंडीत ऑइल घट्ट झाले की क्लच पुरता सुटत नसे; मग इंजिन सुरू होताच गाडी समोर उभ्या मालकाच्याच अंगावर येई. त्यावर उपाय म्हणजे मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवणे. गिअरबॉक्समधले पट्टे बदलताना नट आत पडला, तर तो शोधण्यात दिवस जाई. पुढच्या वेळी खाली आधी चिंधी कोंबली जाई. ऑइलची पातळी पाहण्यासाठी गाडीखाली जाऊन दोन तोट्या उघडाव्या लागत. त्याचा आळस केला, तर बेअरिंग जळे.

विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये १९१२ साली आला, फोर्डने तो १९१९ पासून देऊ केला. मनगटे वाचली, परंतु गाडी आणि मालक यांच्यातील एक ओळखही तेव्हापासून पुसट होऊ लागली.

या ओळखीची दोन रूपे अमेरिकन साहित्यात दिसतात. १९३६ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये ई. बी. व्हाइट यांनी रिचर्ड स्ट्राउट यांच्या साहाय्याने मॉडेल टीला निरोप देणारा लेख लिहिला. त्यात गाडीच्या खोडी एखाद्या हट्टी जनावराच्या खोडींसारख्या मायेने आठवल्या आहेत. तीनच वर्षांनी, १९३९ मध्ये, स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आली. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या विस्थापितांच्या जुन्या डॉज गाडीचे बेअरिंग वाटेत जाते. टॉम आणि अ‍ॅल हे भाऊ भंगारातून कनेक्टिंग रॉड मिळवून रस्त्याकडेलाच तो बसवतात. दोष आपल्यावर येईल, या धास्तीने कोवळा अ‍ॅल व्याकूळ होतो. इथे चुकीला विनोदाची सवलत नाही; गाडी थांबली की कुटुंबाचा प्रवास थांबणार, आणि पुढच्या अन्नाची आशाही.

एकाच यंत्राचा एकाच जातीचा बिघाड. ज्याच्याजवळ वेळ आणि पैसा आहे त्याच्यासाठी तो आठवण होतो, ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्याच्यासाठी अरिष्ट. हातांनी केलेल्या चुकांचे कौतुक करताना हा भेद आम्हांला विसरता येत नाही.

तरीही चुकण्याची मुभा गमावणे हे नुकसानच होय. पुढे गाड्यांत संगणक आले आणि बिघाड ओळखण्याची माहिती उत्पादकाच्या हाती एकवटू लागली. ती मालकाला आणि स्वतंत्र कारागिराला मिळावी, यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली कायद्याच्या बाजूने कौल दिला. शंभर वर्षांपूर्वी जे शेतकऱ्याला न मागता मिळाले होते, त्यासाठी आता मतदान करावे लागले. अंगठा कोठे ठेवावा, हे ज्ञान मोडलेल्या मनगटांतून आले होते. झाकणच उघडता येत नसेल, तर तसे ज्ञान पुढच्या पिढीला कोण देणार?