झोप नव्हे, गुंगी

नंदुरबार-नवापूरकडे दुखणे जड झाले, की ताप्तीच्या रुळांवरून सुरत गाठायची, ही आपली जुनी रीत. तिथे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगीचे औषध देतात आणि बाहेर बसलेले आप्त म्हणतात, "शांत झोपलाय." या शांततेचा इतिहास मात्र शांत नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वास खुंटलेल्यांना गळ्यातल्या नळीतून हाताने हवा भरून जगवले. अतिदक्षता विभागाचा उगम तिथला. पुढे यंत्रे आली, आणि नळी सोसवावी म्हणून तासांची भूल दिवसांवर गेली. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांना दिसले, की एटोमिडेट सतत दिलेले जखमी अधिक दगावताहेत. ते औषध मूत्रपिंडावरील ग्रंथींचे जीवरक्षक संप्रेरकच रोखत होते. १९९२ मध्ये ब्रिटनमधून प्रोपोफोल दिलेल्या पाच बालकांच्या मृत्यूची हकिगत प्रसिद्ध झाली: रक्तात आम्ल वाढलेले, हृदयाची गती मंदावत गेलेली. मोठी मात्रा दोन दिवसांहून अधिक चालली तर स्नायू झिजून लघवी गडद होऊ शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हेही पुढे कळले. खुणा असतात, पण गुंगीतला माणूस तक्रार करीत नाही.

२००० साली शिकागोत १२८ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. काहींची गुंगी रोज थांबवून त्यांना जागे केले. ते साधारण पाच दिवसांत व्हेंटिलेटरवरून सुटले; इतरांना सात लागले.

जागे करायचे म्हणजे हाक मारायची. रुग्णाला भ्रम झाला आहे का, हे डॉक्टर 'डोळे उघडा', 'हात दाबा' अशा सूचनांवरून ताडतात. इथे आपला प्रश्न येतो. उधना-लिंबायतच्या खानदेशी आजीला 'आंखो खोलो' उमगले नाही, तर ती भ्रमिष्ट ठरायची. घरच्या अहिराणीत हाक आली, तर कदाचित तीच मान वळवील. कोरोनाकाळात सुरतेतही आप्त दाराबाहेर राहिले. चौदा देशांतल्या दोन हजारांहून अधिक कोरोनारुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बेन्झोडायझेपिन गटातली औषधे सतत चालू असलेल्यांना भ्रम अधिक झाला. आप्तांची प्रत्यक्ष वा पडद्यावर भेट झालेल्यांना कमी.

गुंगी पुष्कळदा टाळता येत नाही, हे खरेच. तरीही डॉक्टरांना अदबीने विचारावे, असे मला वाटते: आज गुंगी उतरवून पाहिली का? लघवीचा रंग कसा आहे? आणि हाक मारायला आमच्यापैकी कुणी आत येऊ का?