समुद्रावरचे गोडे पाणी : जहाजातील यंत्राची निगा

लांब पल्ल्याच्या जहाजाला बंदरात भरून घेतलेले पाणी क्वचितच पुरते. खलाशांचे पिणे, स्वयंपाक, धुणी आणि बॉयलर यांसाठी लागणारे गोडे पाणी बहुधा जहाजावरच तयार होते, तेही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. मुख्य इंजिन थंड ठेवणारे पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ते या यंत्रातून खेळवले जाते. 'इजेक्टर'ने आतील हवा खेचून घेतलेली असल्याने समुद्राचे पाणी तेथे ४० ते ६० अंशांवरच उकळते. ती वाफ थंड झाली की गोडे पाणी मिळते.

सारी भिस्त या निर्वातावर असते. गॅस्केटमधून हवा शिरली, इजेक्टरची नोझल झिजली किंवा पंपाचा दाब घटला, की उकळबिंदू चढतो आणि उत्पादन घसरते. अशा वेळी दोष न शोधता गरम पाणी वाढवण्याचा मोह होतो, आणि तोच महागात पडतो. तापमान वाढले की कॅल्शियम कार्बोनेटसारखे क्षार पत्र्यांवर झपाट्याने बसतात. हा थर उष्णता अडवतो, उत्पादन आणखी घटते. म्हणूनच थर रोखणारे रसायन पाण्यात सतत सोडावे लागते. थर बसलाच तर तो सौम्य आम्लाने धुवावा. पोलादी तारेच्या ब्रशने खरवडल्यास पत्र्यांची हानी होते.

समुद्राच्या दहा लाख भाग पाण्यात सुमारे ३५ हजार भाग क्षार असतात. तयार पाण्यात ही मर्यादा साधारण १० भागांची. ती ओलांडताच क्षारमापक झडप उघडून पाणी टाकीऐवजी बाहेर वळवतो. अर्थात, मापकाची कांडीच मळलेली असेल तर त्याच्या आकड्यावर कोण विसंबणार? ती नियमित पुसावी लागते.

दुसरी दक्षता आरोग्याची. इतक्या कमी तापमानाला जंतू मरतातच असे नाही. त्यामुळे किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांच्या आत, जेथे सांडपाणी मिसळलेले असू शकते, यंत्र बंद ठेवण्याचा प्रघात आहे. पिण्याच्या पाण्यावर क्लोरिन वा अतिनील किरणांची प्रक्रिया होते, आणि त्यात खनिजेही मिसळली जातात. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार पुरेसे व चांगले पिण्याचे पाणी विनामूल्य मिळणे हा खलाशांचा हक्क आहे.

अनेक जहाजांवर आता रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रे असतात. तेथे उष्णतेऐवजी दाबाचे काम असते. मात्र क्लोरिनयुक्त पाणी आत गेले, तर त्यांतील पडदे निकामी होऊ शकतात.