डोळ्यांचा रंग आणि गळ्यातला पट्टा

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यात, राइसव्हिल नावाच्या लहानशा गावी, जेन एलियट ही शिक्षिका तिसरीच्या वर्गापुढे उभी राहिली. वर्गातील सारी मुले गोरी. त्यांना नुसते व्याख्यान देऊन काय उमजणार? तिने डोळ्यांच्या रंगावरून वर्गाची वाटणी केली : निळे एकीकडे, तपकिरी दुसरीकडे. एक गट श्रेष्ठ ठरला, दुसरा कनिष्ठ. पुढे तीच वाटणी उलट केली.

१९७० साली या पाठाचे चित्रण झाले. त्यात कनिष्ठ ठरलेल्यांच्या गळ्यात कापडी पट्टा दिसतो. ‘तपकिरी डोळ्यांचा’ ही त्या मैदानावर शिवी झाली आणि तीवरून हाणामारीही झाली. वाचनाच्या चिठ्ठ्या संपवायला तपकिरी डोळ्यांच्या मुलांना पट्टा असताना साडेपाच मिनिटे लागली. पट्टा निघाल्यावर अडीच. मुले तीच होती, चिठ्ठ्याही त्याच.

मीही जन्मभर शिक्षिकाच होते. आठ-नऊ वर्षांच्या लेकरांना असे फसवणे मला आजही खटकते. माझ्या हातून ते झाले नसते. तरी गेल्या वर्षी हे चित्रण मी आपल्या सिनेगॉगमधील मुलांना दाखविले. एका मुलीने विचारले, “आजी, आपल्यात पट्टा कोणाच्या गळ्यात होता?”

मी तत्काळ १९६२ चा मुख्य रब्बीनेटचा आदेश सांगितला : विवाहापूर्वी बेने इस्राएलांच्या मातृकुळाची पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी, असा. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेमेत धरलेले धरणे सांगितले, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपल्याला सर्वार्थाने यहूदी व समान म्हटले, तेही. हा इतिहास सांगताना माझा ऊर भरून येतो.

परंतु उत्तर अर्धेच दिले. कोकणात आपणच ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद पाळीत होतो. रोटी-बेटी व्यवहार नव्हता. अलिबागेस माझ्या आजीच्या ओसरीवर एक पितळी पेला वेगळा उपडा घातलेला असे. शनिवारी तेल्याचा घाणा बंद ठेवणाऱ्या, आपल्यासारखाच शेमा म्हणणाऱ्या एका कुटुंबासाठी तो होता. त्यांच्या मुलीशी मी खेळत असे. तिला तहान लागली की तो पेला मीच सुलटा करून देई, आणि कोणी न सांगता पुन्हा उपडा ठेवी.

त्या मुलीला मी हे त्या दिवशी सांगितले नाही. ती आज मागच्या रांगेत बसली आहे.